उजव्या दांडीचा आकडा

पोंभुर्णा
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय मुश्ताक,

सलाम. रशिदाभाभींना नमस्कार सांग.

स्पीडपोस्टाने माझा रेडिओ पाठवला आहे, म्हणजे टिटवी विमान उडवायचा ट्रान्समीटर. बॅटरी काढून घेतली आहे, लिथियम पोस्टात चालत नाही. तुझी घाल. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू 'हां भाऊ, हां भाऊ' करतोस आणि आकडे गिळतोस. आपली ओळखच मुळी एका रेडिओ-मासिकात छापून आलेल्या वाचकांच्या पत्रांवरून झाली. सव्वीस वर्षं झाली. कामाची गोष्ट कागदावर, हा नियम मी तरी मोडलेला नाही.

बिघाड असा : रेडिओवरची उजवी दांडी थरथरते. दांडी डोळ्यांना स्थिर दिसते, पण वर टिटवी सरळ जात नाही. थंडी वाजल्यासारखे पंख बारीक बारीक हलवत राहते. वारा नव्हता. पंखांतल्या दोन्ही सर्व्हो मोटरी बदलल्या. रिसिव्हर बदलला. नाक पुन्हा तोललं, अख्ख्या विमानाचं वजन केलं, दोन किलो तीनशे चाळीस ग्रॅम, जसंच्या तसं. डाव्या दांडीवर मोटर आणि शेपटीचं सुकाणू. तिथे सगळं ठीक आहे. उजवीवर पंखांचा कल आणि नाकाचं वर-खाली, आणि थरथर नेमकी तिथेच. म्हणून निदान : उजव्या दांडीचा सांधा गेला. सांधा बदल.

बाकी कशालाही हात लावायचा नाही. तुला सगळं माहीत आहे, तरी लेखी असावं म्हणून रजिस्टरातून उतरवतो. टिटवी मेमरीत तिसऱ्या नंबरवर. उजव्या दांडीचा एक्स्पो दहा टक्के. सौम्य दराचा स्विच पाडला की पंखांची हालचाल सत्तर टक्के. सिग्नल तुटला तर मोटर बंद आणि सुकाणू थोडं डावीकडे, म्हणजे ती गोल फिरत उतरेल, गावावर जाणार नाही. मोटरचं कुलूप डाव्या खांद्यावरच्या स्विचला. व्होल्ट उतरले की रेडिओ अंजनाच्या आवाजात 'उतरवा आता, पुरे झालं' असं म्हणतो. ते पुसू नकोस, दोन तास रुसून तिने एकदाच म्हटलंय.

घाई एवढ्यासाठी की १८ जानेवारीला इथल्या शाळेचं पंचविसावं स्नेहसंमेलन आहे. मुख्याध्यापक गुणवंतरावांनी मला बोलावलं आहे. सहाशे पोरं मैदानाभोवती बसणार आणि दहावीनंतर एकाही वर्गात न बसलेला, मोटारपंपाचं वाइंडिंग करणारा माणूस त्यांच्या डोक्यावर घरी केलेलं विमान उडवणार. आपल्या भागात आकाशात काहीही उडवायचं तर आधी ठाण्यात जाऊन बसावं लागतं. तीन चकरांनी परवानगी निघाली. माझ्या नावाने आहे.

तुझा,
हरिदास


राजुरा
२४ नोव्हेंबर २०२४

हरिदासभाऊ,

जय भीम. रेडिओ परत पाठवतो आहे, पार्सल सांभाळून उघडा.

दांडीचं काम झालं. आता उडवून बघा, टिटवी सरळ जाईल, इन्शाअल्लाह. वहिनींचा आवाज जसाच्या तसा ठेवला आहे. रशिदाने ऐकला आणि मला म्हणाली, 'हे वाक्य माझ्या आवाजात भरून तुमच्या दुकानात लावा.' मेमरी कार्ड जुनं होत आलं होतं म्हणून नवं टाकलं. सगळ्या मॉडेलांची माहिती त्यावर उतरवली आहे, काही गेलेलं नाही.

आता उगाच आत-बाहेर करत बसू नका. चालू आहे ते चालू द्या.

एक विचारायचं होतं. त्या दिवशी पोरं मैदानाच्या कोणत्या बाजूला बसणार? तुमच्या पाठीमागे बसली तर बरं. आणि मधे एखाद दिवस राजुऱ्याला या ना. इथून आपण दोघे चंद्रपूरला जाऊन येऊ. मलाही बीपी दाखवायचं आहे, तुम्हीही दाखवून घ्या. एकट्याला डॉक्टरकडे जायचा कंटाळा येतो.

तुमचा,
मुश्ताक


पोंभुर्णा
३ डिसेंबर २०२४

प्रिय मुश्ताक,

सलाम. रविवारी सकाळी धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांवर टिटवी उडवली. चौदा मिनिटं. अशी सरळ गेली की पट्टीने रेघ ओढावी. थरथर नाही. उतरली तीही पिसासारखी.

तू म्हणशील, मग पत्र कशाला? सांगतो. माझ्या दुकानात एखादी मोटर एका दणक्यात चालू झाली की मी ती गिऱ्हाइकाला देत नाही. का चालू झाली ते कळेपर्यंत ठेवून घेतो.

घरी येऊन रेडिओ उलटा केला. मागे सहा स्क्रू आहेत. प्रत्येकाच्या डोक्यावर मी अंजनाच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका देतो. हे मी तुला कधी सांगितलेलं नाही, कोणालाच सांगत नाही. सहाही ठिपके अख्खे आहेत. भिंगातून पाहिले. एकालाही तडा नाही.

म्हणजे तू पेटी उघडलीच नाहीस. पेटी न उघडता दांडीचा सांधा बदलणारा कारागीर मी अजून पाहिलेला नाही. लग्नात टोपीतून कबुतर काढतात त्यांच्यातला असेल तर गोष्ट वेगळी.

मग रजिस्टर घेतलं आणि स्क्रीनवरचा एकेक आकडा ताडून पाहिला. सत्त्याण्णव आकडे बरोबर. दोन चूक. उजव्या दांडीचा एक्स्पो, पंखांचा आणि नाकाचा, दोन्ही दहाचे अठ्ठेचाळीस. डावीचा जसाच्या तसा. अठ्ठेचाळीस एक्स्पो म्हणजे काय ते मला शिकवू नकोस. दांडीचा मधला भाग लोण्यासारखा मऊ. बोट थोडं हललं तर विमानाला पत्ताच नाही. दांडी कडेला नेली की मग पूर्ण जोर. नवशिक्याच्या हाती रेडिओ देताना करतात ते.

तीन प्रश्न आहेत. पेटी न उघडता 'दांडीचं काम झालं' हे तू कसं लिहिलंस? माझ्या आकड्यांना हात का लावलास? आणि माझं जुनं कार्ड कुठे आहे? जुनं झालं असलं तरी ते माझं आहे. प्रत्येक उड्डाणाची नोंद त्यावर आहे; व्होल्टचा रकाना मी दर महिन्याला तपासतो.

माझा संशय माणसावर नाही, आकड्यावर आहे. पण आकडा काही आपण होऊन बदलत नाही.

हरिदास


राजुरा
११ डिसेंबर २०२४

हरिदासभाऊ,

जय भीम. तुमचं पत्र वाचून हसलोही आणि घाबरलोही. नेलपॉलिश! तुम्ही ठाणेदार व्हायला पाहिजे होते.

पेटी उघडली नाही, कबूल. बाहेरूनच हवा मारून साफ केली, दांडी दोन्ही टोकांना नेऊन माप नव्याने बसवलं. कधी कधी तेवढ्याने होतं. एक्स्पोचं म्हणाल तर तपासताना माझ्या विमानाच्या मेमरीतून काही तुमच्यात उतरलं असेल. दुकानात गर्दी असते, एका हातात कोणाचं घड्याळ, दुसऱ्या हातात कोणाचा मोबाईल. झालं असेल. कार्ड इथेच कुठेतरी आहे, सापडलं की पाठवतो.

पण भाऊ, एक ऐका. टिटवी सरळ जाते आहे ना? मग आकडा कोणाचाही असो, १८ तारखेपर्यंत तो बदलू नका. कार्यक्रम होऊ द्या, मग तुमचं रजिस्टर आणि तुम्ही. एवढं माझं ऐकाच.

चंद्रपूरचं काय ठरलं?

मुश्ताक


पोंभुर्णा
१८ डिसेंबर २०२४

मुश्ताक,

खोटं बोलायचं तर पाठांतर पक्कं पाहिजे.

तुझ्या मेमरीतून उतरलं म्हणतोस. तुझ्या एकाही विमानाला एक्स्पो नाही. शून्य. तूच मला सांगितलंस, वडशाला नाटकांच्या हंगामात गेलो होतो तेव्हा, २०१६ साली, बसस्टँडच्या हॉटेलात, माझ्याच पैशाची भजी खात : 'भाऊ, एक्स्पो म्हणजे म्हाताऱ्याची काठी. ज्याचा हात घड्याळात चालतो त्याले काठी नाई लागत.' शून्यातून अठ्ठेचाळीस कसे उतरले? आणि उतरले तर फक्त उजवीवरच कसे? आणि जिनसा ठेवायला तुझ्या दुकानात बावन्न खणांचं कपाट आहे, प्रत्येक खणाला चिठ्ठी. तिथे माझं कार्ड 'कुठेतरी' आहे?

हे सगळं मी गिळलं असतं. पण सोमवारी गुणवंतराव दुकानात आले. म्हणाले, 'हरिदासभाऊ, तुमचा राजुऱ्याचा दोस्त मोठा काळजीवाला माणूस हाय बा.' मी म्हटलं, 'काऊन?' तर म्हणाले, 'फोन आला होता त्यायचा. पोरं पायलटच्या पाठीमागे बसवा म्हणे, पन्नास मीटरवर दोर बांधा म्हणे, आन् दुसरा पायलट तयार ठेवा म्हणे. गरज पडली तर मी येतो, असंही म्हणाले.' आणि वर मलाच विचारतात, 'तुमची तब्येत बरी हाय ना?'

आता माझ्या डोक्यात सगळं ओळीने बसलं. आधी माझा रेडिओ मऊ करायचा. मग 'आकडा बदलू नका' म्हणून गळ घालायची. मग माझ्या माघारी मुख्याध्यापकांच्या कानात दुसऱ्या पायलटची गोष्ट सोडायची. दुसरा पायलट कोण, ते सांगायला ज्योतिषी नको. सहाशे पोरांच्या टाळ्या तुलाही पाहिजे होत्या तर सरळ मागायच्या होत्यास. मी अर्धं मैदान दिलं असतं.

आकडा मी पुन्हा दहा केला आहे. शनिवारी त्याच आकड्यावर उडवणार. १८ जानेवारीला तू येऊ नकोस. कार्ड मात्र पाठव.

हरिदास महादेव खोब्रागडे


पोंभुर्णा
२२ डिसेंबर २०२४

मुश्ताकभाऊ,

मी अंजना लिहून राह्यली. अंगणवाडीच्या पाकिटातून टाकते, घरी सांगितलं नाई. तुमीबी सांगजा नका.

काल टिटवी सागाच्या झाडाले जाऊन धडकली. उजवा पंख मोडला. उतरवतानी लटलट हालत होती, मी बांधावरून पायत होती. हे घरी येऊन म्हणते, मुश्ताकनं माह्या रेडिओत काईतरी करून ठेवलं. चुलीपाशी बसले, जेवले नाई. तुमी दोघं इतक्या वर्षाचे दोस्त, तुमी असं करसान हे मले पटत नाई. पण मले दुसराच संशय हाय, आन् तो कोनाले इचारू ते समजत नाई.

यायचा उजवा हात कापते. दिवाळीपासून पायते मी. आधी कपबशीत च्या पेत होते, आता म्हणते, स्टीलच्या गिलासात दे, तोही अर्धाच. तार जोडतानी मनगट टेबलाले दाबून धरते. परवा विहारात मेणबत्ती लावाची होती तर म्हणे, तू लाव, माह्या हाताले गिरीस हाय. गिरीस कुठी होतं? मी काय आंधळी हाय का?

आमच्या मोहल्ल्यात हात कापला का एकच अर्थ निघते. आन् याच मानसानं विहारात उभं राहून दहा जनाची दारू सोडवली. पंचशील घेतलेला मानूस. पेनाऱ्या मुखरूले तर सगळ्याइसमोर बोलला होता. आता यायचाच हात कापते असं मुखरूनं पायलं तर?

तोंडाले वास नाई येत. पण राजुऱ्याले जाते तवा काय करते ते मले काय मालूम? खरं सांगा भाऊ, हे तुमच्यासंग पेतेत का? पेत असन तर मी झगडा नाई करत. पण मले मालूम पाह्यजे.

तुमची बहीण,
अंजना


राजुरा
२६ डिसेंबर २०२४

हरिदासभाऊ,

जय भीम. सोबत कार्ड आहे. ते पहिल्या दिवसापासून माझ्या कपाटात एकविसाव्या खणात होतं. चिठ्ठीवर तुमचं नाव आहे. मी खोटं बोललो, दोन पत्रांत दोनदा. आता जे लिहितो ते खरं आहे, आणि तुम्ही ते तपासून घ्याल हे माहीत असूनच लिहितो.

तुमचा रेडिओ आला त्या दिवशी मी तो उघडायलाच बसलो होतो. स्क्रूड्रायव्हर हातात होता. मग वाटलं, आधी बिघाड बघू. तुमच्या दांडीत घासणारं काही नाही भाऊ. लोहचुंबक फिरतं आणि समोरची चिप ते ओळखते. एकमेकांना टेकतही नाहीत. ज्याला टेकायचंच नाही ते झिजणार कसं? तरी खात्री म्हणून रेडिओ चालू करून टेबलावर ठेवला आणि दोन तास हात लावला नाही. आकडा जागचा हलला नाही. मग मी हातात धरला. माझा हात जेवढा हलतो तेवढाच हलला.

मग तुमचं कार्ड उघडलं. तुमच्या रेडिओत प्रत्येक उड्डाणाची नोंद होते, एका सेकंदात दहा वेळा : व्होल्ट, सिग्नल, उंची. त्याच्या पुढे चार रकाने आहेत, दोन्ही दांड्या कुठे होत्या त्याचे. तुम्ही कधी व्होल्टच्या पुढे गेलाच नाहीत. मी गेलो. मार्चपासूनची उड्डाणं काढली. त्यातलं एक पान छापून सोबत जोडलं आहे, ऑक्टोबरचं, तुम्ही टिटवी सरळ नेत असतानाच्या तीस सेकंदांचं. डावी दांडी बघा, रेघ आहे. उजवी बघा. एका सेकंदात साधारण चार वेळा, इकडून तिकडे, न चुकता. मार्चमध्ये हे नव्हतं. जूनमध्ये थोडं होतं.

मी घड्याळजी आहे. काय आपोआप हलतं आणि काय हलवलं जातं, एवढं मला कळतं. दांडी थरथरत नाही, भाऊ. हात थरथरतो.

हे तुम्हाला कसं लिहू, हे मला आठ दिवस सुचलं नाही. तुम्ही सर्व्हो बदलल्या, रिसिव्हर बदलला, नाक तोललं. त्या सगळ्या यादीत एकच वस्तू तपासायची राहिली होती, आणि ती तुम्हीच होतात. म्हणून मी चोरासारखं काम केलं. दहा, वीस, तीस, असं करत तुमचीच नोंद गणितात घालून पाहत गेलो. अठ्ठेचाळीसला थरथर विमानापर्यंत पोचत नव्हती. तेवढा ठेवला. म्हाताऱ्याची काठी मीच म्हणालो होतो, आणि ती मीच तुमच्या हाती न सांगता दिली. न सांगण्याची माफी मागतो. आकड्याची नाही मागत.

हे दारूचं नाही, हे मला ठाऊक आहे. सव्वीस वर्षांत तुम्हाला चहाशिवाय काही घेताना पाहिलं नाही. कोणी तसं म्हणालं तर मी तिथे येऊन उभा राहीन, विहारात म्हणालं तर विहारात.

गुणवंतरावांना फोन केला तो टाळ्यांसाठी नाही. जवळजवळ अडीच किलोची वस्तू सहाशे पोरांच्या डोक्यावर असणार, आणि तुम्ही आकडा पुन्हा दहा केलात. आता तर मला अठ्ठेचाळीसचाही भरवसा वाटत नाही. एक्स्पो मधली थरथर लपवतो. उतरताना वारा आला आणि दांडी कडेला न्यावी लागली की तिथे तो काही लपवत नाही. हे तेव्हाच कळायला पाहिजे होतं. ती माझी चूक.

म्हणून शेवटचं, आणि हे दोस्त म्हणून नाही : १० जानेवारीपर्यंत तुम्ही स्वतः गुणवंतरावांना सांगा. नाही सांगितलं तर मी सांगीन. मग आपली सव्वीस वर्षं गेली तरी चालतील.

मुश्ताक


पोंभुर्णा
८ जानेवारी २०२५

प्रिय मुश्ताक,

सलाम.

तेरा दिवस उत्तर दिलं नाही, कारण तुझं छापील पान मी मानलं नव्हतं. कार्डावरची नोंद बदलता येते. ज्याने दोन पत्रांत खोटं लिहिलं त्याच्या तिसऱ्यावर मी का विश्वास ठेवावा? असं मी पाच दिवस म्हणत होतो.

मग स्वतः तपासलं. टिटवीचा पंख मोडलेला होता, म्हणून विमानाशिवाय, नुसत्या रेडिओवर. नोंद चालू केली आणि तुझ्यासारखाच तो टेबलावर ठेवला. शून्य. मग उजव्या हातात धरून दांडी मधे ठेवायचा प्रयत्न, एक मिनिट. असं दहा वेळा : सकाळी, चहाआधी, चहानंतर, जेवण झाल्यावर, मनगट टेकवून, न टेकवता. मग तेच डाव्या हाताने, रेडिओ उलटा धरून. सगळे आकडे रजिस्टरात आहेत. सरासरी काढली. तू सेकंदाला चार म्हणालास. माझी चार पूर्णांक दोन येते. डाव्या हाताची काहीच येत नाही.

वेळ बघायला आणि आकडे लिहायला माणूस लागत होता. अंजनाला बसवलं. तिने सातव्या फेरीपर्यंत निमूट लिहिलं, मग पेन ठेवलं आणि रडायलाच लागली. मी म्हटलं, 'अव, आकडे पुसतील.' तर म्हणते, 'मले वाटलं तुमी पेता.' मला इतका राग आला की मी उठून बाहेर गेलो. लिंबाखाली उभा राहिलो. मग माझ्या लक्षात आलं की गिरीस, अर्धा गिलास, मनगट दाबणं, हे सगळं मी तीन महिने कोणापासून लपवत होतो. दारुडा याहून वेगळं काय करतो? आत येऊन म्हटलं, 'आठवी फेरी लिही.' ती म्हणाली, 'आधी च्या पेवा. कपबशीत देते, सांडला तर सांडला.' सांडला.

तुला सांगायचं तर मला आधीच ठाऊक होतं. दांडीवर निदान ठोकलं तेव्हाच ठाऊक होतं. दोन्ही सर्व्हो बदलताना माझ्या हातून स्क्रू चार वेळा पडला होता. पण सर्व्हो विकत मिळते, दांडीला सुटा भाग मिळतो. हाताचं काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं.

गुणवंतरावांना तुझ्या मुदतीच्या चार दिवस आधी सांगितलं, हे नोंदवून ठेव. ते म्हणाले, 'मंग कार्यक्रम रद्द करू का?' मी म्हटलं, 'पायलट बदलतो, विमान नाई.'

पण परवानगी माझ्या नावाने होती. काल चौथी चकर झाली. ठाणेदारांनी अर्ज वाचला. 'आता पायलट काऊन बदलला? आधी तर तुमीच उडवतो म्हणत होते.' मी म्हटलं, 'तब्येत.' 'धडधाकट दिसून राह्यले तुमी. हा राजुऱ्याचा मानूस कोन?' दहा प्रश्न झाले. त्यांचं कामच आहे. शेवटी मी म्हटलं, 'साहेब, माझा हात कापतो.' बाहेर चार माणसं बाकावर बसली होती, त्यांच्यात मुखरू होता. ठाणेदार म्हणाले, 'घेता का?' मी म्हटलं, 'नाही.' 'सगळेच नाही म्हणतात.' मग मी हात पुढे केला. त्यांनी टेबलावरचा कोरा कागद उचलून माझ्या बोटांवर आडवा ठेवला. कागद वाजायला लागला. तो उचलून घेत ते म्हणाले, 'माह्या बापाचा असाच होता. च्याबी पेत नव्हता बिचारा.' सही केली.

बाहेर आलो तर मुखरू उठून उभा. मला वाटलं, आता हा सगळा हिशेब काढतो. तो म्हणाला, 'भाऊ, सायकल मी घेतो, तुमी चाला.' घरापर्यंत आला. सायकल भिंतीला लावली आणि गेला. त्याला सगळ्यांसमोर बोललो होतो ते मीही काढलं नाही, पण ते माझ्याकडे बाकी आहे.

तर आता ठरलेलं असं. सोमवारी, १३ तारखेला, मी आणि अंजना चंद्रपूरला मोठ्या डॉक्टरकडे जातो आहोत. तू दहा वाजता तिथल्या बसस्टँडवर ये. बीपीचं नाटक करू नकोस, नुसता ये. परवानगी तुझ्या नावाने आहे, प्रत सोबत जोडली आहे. पंख नवा केला, लाकूड मी कापलं, चिकटवताना अंजनाने धरलं. तारांचं काम तुझ्यासाठी ठेवलंय. एक्स्पो तुझा तू ठरव. शून्य ठेवलास तरी रजिस्टरात शून्यच लिहीन, माझी हरकत नाही. पोरं पाठीमागे, दोर पन्नास मीटरवर. तू जेवढं मागितलंस तेवढं सगळं.

एक गोष्ट मात्र मी मागतो. तुझा आणि माझा रेडिओ बिनतारी जोडता येतो, एक शिकवणाऱ्याचा, एक शिकणाऱ्याचा. जोडणी मी इथे करून पाहिली, चालते. शिकवणाऱ्याचा रेडिओ तू घे. शिकणाऱ्याचा मी घेईन. ताबा कोणाकडे, ते ठरवणारा स्विच तुझ्या बोटाखाली राहील.

कार्यक्रम संपून पोरं जेवायला गेली आणि मैदान रिकामं झालं की टिटवीला बांध्यांकडे ने, उंच. आणि स्विच पाड. मला एक मिनिट दे. थरथरेल. थरथरू दे, वर जागा भरपूर आहे. खाली येते आहे असं तुला वाटलं की ताबा परत घे. घेताना मला विचारू नकोस.

तुझा,
हरिदास